डोळ्यांसमोर उभे राहते, की शब्दांतच उमटते?

घाटावरची (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत माध्यमिक शाळेत गणित शिकवते. गेल्या महिन्यात घडलेल्या दोन प्रसंगांनी मला विचारात पाडले आहे, म्हणून हा धागा काढत आहे. थोडे सविस्तर लिहावे लागेल.

पहिला प्रसंग घरातला. रात्रीची जेवणे झाल्यावर माझा भाचा सगळ्यांना म्हणाला, "डोळे मिटा आणि आयर्विन पूल बघा. आता सांगा, तुमच्या पुलावर किती वाजलेत?" माझ्या बहिणीला मावळतीचे ऊन दिसले, दगडी कमानींच्या सावल्या पाण्यात पडलेल्या दिसल्या. मेहुण्यांना पूल दिसला, पण पुसट, पावसाळी सकाळी दिसतो तसा. मला काहीच दिसले नाही. मिटल्या डोळ्यांचा अंधार तेवढा होता. कृष्णेवरचा हा पूल 1929 साली खुला झाला, तो दगडी आहे, त्याला कमानी आहेत, 2005 आणि 2019 च्या महापुरांत पाणी कसे चढले होते, हे सगळे मला सांगता येते, आणि त्याच्या कठड्याशी मी हजार वेळा तरी उभी राहिले असेन. पण तो पूल माझ्या मनात शब्दांनीच आहे. 'डोळ्यांसमोर उभे राहणे' हा नुसता वाक्प्रचार आहे असे मी पंचेचाळीस वर्षे समजत होते. पोटात कावळे ओरडतात म्हणजे खरोखर कावळे नसतात, तसेच हेही असेल असा माझा समज होता. लोकांना खरोखर काही दिसते, हे त्या रात्री प्रथम कळले.

मग मी बहिणीला आणि मेहुण्यांना विचारले, की तुमच्या पुलाला कमानी किती? दोघांनी दोन वेगळे आकडे सांगितले. तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे, की ज्या चित्रातल्या कमानी मोजता येत नाहीत, ते चित्र म्हणजे नेमके काय असते? (आकडा ठाऊक असलेल्यांनी कृपया तो इथे लिहू नये. इतरांना हा प्रयोग स्वतः करून पाहता यावा.)

दुसरा प्रसंग वर्गातला आहे आणि तो अजून मनाला लागून राहिला आहे. नववीच्या चाचणीत 'वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर काढलेला लंब जीवेला दुभागतो' हे सिद्ध करायला दिले होते. एका मुलाने पक्ष आणि साध्य लिहिले, सुबक आकृती काढली आणि सिद्धतेच्या जागी एवढेच लिहिले : "लंबावर घडी घातली की दोन्ही टोके एकमेकांवर बसतात." मी त्याला तीनपैकी एक गुण दिला, तोही आकृतीसाठी. पेपर परत दिल्यावर तो जागेवरून उठला, वहीचे पान फाडून त्यावर बांगडीने वर्तुळ आखले, जीवा काढली, घडी घातली आणि खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवली. "बाई, दिसतंय ना?" असे त्याने विचारले. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. जे त्याला इतके लख्ख दिसत होते ते मला का दिसत नाही, याचे त्याला मनापासून आश्चर्य वाटत होते.

तुमचा विचार कसा चालतो? चित्रांतून, शब्दांतून, की आणखी कशातून? आणि चित्रात विचार करणाऱ्या मुलाला शब्दांच्या परीक्षेत मी न्याय कसा द्यावा?

प्रीतिसंगम (कराड)

ताई, मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. तुमचा अनुभव एकटीचा नाही आणि तो आजारही नाही, हे आधी सांगतो.

1880 मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश संशोधकाने लोकांना पत्रे पाठवून विचारले होते, की आज सकाळी तुम्ही ज्या टेबलावर न्याहारी केली ते आठवा आणि सांगा, चित्र उजळ आहे की अंधूक, रेखीव आहे की विसकटलेले, त्यात रंग आहेत का? काहींनी प्रत्यक्ष पाहत असल्यासारखे वर्णन केले. काही विद्वानांनी मात्र कळवले, की 'मनातले चित्र' ही बोलण्याची एक रीत आहे, तसे खरोखर काही नसते. म्हणजे तुमचाच समज. त्यानंतर हा विषय बराच काळ मागे पडला. 1973 मध्ये डेव्हिड मार्क्स यांनी 16 प्रश्नांची एक प्रश्नावली केली, ज्यात ओळखीचा चेहरा, उगवता सूर्य, नेहमीचे दुकान अशी दृश्ये मनात आणून त्यांच्या स्पष्टतेला गुण द्यायचे असतात. ती आजही वापरात आहे. मनात चित्र मुळीच न उमटण्याला 'अफॅन्टेशिया' हे नाव 2015 मध्ये ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. मोजण्याची रीत बदलली की आकडा बदलतो, पण साधारणपणे शंभरांत एक ते चार माणसे या बाजूला असतात. त्यांतल्या पुष्कळांना स्वप्ने मात्र चित्रांतच पडतात.

'न दिसणाऱ्याला वाटत असेल, दिसणारा फुगवून सांगत असेल' ही शंका रास्त आहे, कारण दुसऱ्याच्या मनात डोकावता येत नाही. तिचे एक सुंदर उत्तर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. प्रखर उजेड पाहिला की आपल्या डोळ्याची बाहुली आकसते. साधारण माणसाने उजळ आकार नुसता मनात आणला तरीही ती थोडीशी आकसते. अफॅन्टेशिया असलेल्यांची बाहुली खऱ्या उजेडाला आकसली, कल्पनेतल्या उजेडाला मात्र आकसली नाही. बाहुली आकसणे आपल्या इच्छेवर नसते, म्हणून ही साक्ष मोलाची.

आता कमानींविषयी. मनातले चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे. मेंदू ते प्रत्येक वेळी जुळवतो, आणि ज्याकडे कधी लक्ष दिले नाही ते त्यात भरलेले नसते. तरीही ते फसवे म्हणून सोडून देता येत नाही. 1971 मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर यांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि विचारले, की हा तोच आकार फिरवून ठेवला आहे की वेगळा आहे? दोन आकृत्यांमधला कोन जसजसा वाढला तसतसा उत्तराला लागणारा वेळ सरळ रेषेत वाढत गेला. जणू माणसे तो ठोकळा मनात, ठरावीक वेगाने, खरोखर फिरवत होती.

तुमच्या विद्यार्थ्यासाठी एक सावधगिरी सांगतो. 'हे मूल दृश्य प्रकारचे, ते मूल श्राव्य प्रकारचे' अशी वाटणी करून त्या त्या पद्धतीने शिकवल्यास मुले अधिक शिकतात, हे मत शिक्षकांच्या प्रशिक्षणांत अजून सांगितले जाते. 2008 मध्ये पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा त्याला पुरेसा आधार सापडला नाही. ॲलन पैव्हिओ यांचा दुहेरी संकेतनाचा सिद्धांत मात्र टिकून आहे : एकच गोष्ट शब्द आणि चित्र या दोन्ही रूपांत मनात गेली, तर ती बहुतेक सर्वांच्याच अधिक लक्षात राहते. म्हणून त्या मुलावर 'चित्रवाला' असा शिक्का मारू नका. त्याला दुसरी वाटही लागते.

औंधची वाट (सातारा)

वरील विवेचन वाचताना मला औंधची आठवण झाली. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर (1867–1968) यांना आपण वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखतो. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार होते आणि व्यक्तिचित्रे काढून त्यांनी चरितार्थ चालवला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे औंधला राहून त्यांनी वेदांचे प्रचंड काम केले. ज्यांनी त्यांना आश्रय दिला ते औंध संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढत, आणि त्यांनी उभारलेले संग्रहालय टेकडीवर आजही आहे. एका माणसाने चेहऱ्याची छाया आणि मंत्राचा स्वर या दोन्हींत आयुष्य घालवले, तेही त्याच नजरेने आणि त्याच चिकाटीने. म्हणून 'चित्रवाले' आणि 'शब्दवाले' अशा दोन जाती मानणे मला पटत नाही.

वाईकर (वाई)

लहानपणी काही वर्षे मी वाईत वेद शिकलो. पुढे तो सुटला, परंतु त्या शिकण्याने शब्दस्मृतीविषयी जे कळले ते इथे उपयोगी पडेल असे वाटते.

घनपाठात, म्हणजे वेदातली पदे उलटसुलट क्रमाने म्हणण्याच्या एका पद्धतीत, तीन पदे घेतली, तर पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे अशा क्रमाने म्हणायची असतात आणि मग एक पद पुढे सरकायचे असते. हे करताना माझ्या मनासमोर अक्षरे कधीच आली नाहीत, कारण आम्ही पोथीवरून शिकलोच नव्हतो. गुरुजी म्हणत आणि आम्ही मागून म्हणत असू. स्वरांसाठी हात हलत असे, आणि कुठे अडलो तर तोच हात मागे नेऊन पुन्हा सुरुवात केली की पुढचे पद आपोआप जिभेवर येई. मराठीने या स्मृतीला 'तोंडपाठ' आणि 'मुखोद्गत' हे शब्द दिले आहेत, ते किती नेमके आहेत पाहा. जे डोळ्यांना आठवते त्याला आपण 'डोळ्यांसमोर उभे राहिले' म्हणतो, आणि जे हाताला आठवते त्याला 'हात बसला' म्हणतो. तीन स्मृतींची तीन ठिकाणे भाषेने आधीच वेगळी करून ठेवली आहेत.

जगात शब्दाच्या सोबतीवाचून कोणतेच ज्ञान नाही, असे प्राचीन व्याकरणकार भर्तृहरीचे मत होते. प्रथमदर्शनी ते घाटावरच्या ताईंच्या बाजूचे आणि त्या मुलाच्या विरुद्ध वाटते. पण त्याच भर्तृहरीने वाणीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत : तोंडाने उच्चारलेली ती वैखरी, मनातल्या मनात बोललेली ती मध्यमा, आणि त्याही आधीची ती पश्यंती. परा ही चौथी पायरी पुढच्या परंपरेत आली. 'पश्यंती' या शब्दाचा अर्थच मुळी 'पाहणारी' असा आहे, आणि तिचे लक्षण असे सांगतात, की तिच्यात क्रम नसतो, सगळे एकवट असते. बोलू लागलो की त्यातून एकामागून एक शब्द उलगडतात.

त्या मुलाची अडचण मला इथे दिसते. घडी घातलेला कागद त्याला एका क्षणात सगळाच्या सगळा दिसतो. चित्राला आधी आणि नंतर नसते. सिद्धतेला मात्र पहिली ओळ लागते, दुसरी लागते, आणि दुसरी पहिलीवर उभी असावी लागते. त्याला भूमिती येत नाही असे नाही. एकवट पाहिलेले रांगेत कसे लावायचे, हे त्याला अजून कोणी दाखवलेले नाही.

तपासनीस (कडेगाव)

मी अनेक वर्षे गणिताच्या उत्तरपत्रिका तपासत आलो आहे. मुलाविषयी मला सहानुभूती आहे, परंतु एक गुण योग्यच होता असे माझे मत आहे. ज्याने ते पाहिलेले नाही त्यालाही तपासता यावे, म्हणून सिद्धता लिहायची असते. 'मला दिसते' हे कारण होऊ शकत नाही, कारण डोळा चुकतो.

उदाहरण देतो. 8 बाय 8 चौकटींचा चौरस घ्या. एका बाजूने 3 आणि दुसऱ्या बाजूने 5 एकके मोजून त्याचे दोन आयत करा. लहान आयत कर्णावर कापून दोन त्रिकोण काढा, आणि मोठा आयत तिरका कापून दोन समलंब चौकोन काढा. हे चार तुकडे दुसऱ्या प्रकारे जुळवले की 5 बाय 13 चा आयत तयार होतो. चौरसाचे क्षेत्रफळ 64 आणि आयताचे 65. डोळ्यांना दोन्ही आकृत्या पूर्ण दिसतात. जादा चौकट कुठून आली, हे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही, हिशेब केला तरच कळते. पाहण्यावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला हे जरूर द्यावे.

जवारी (मिरज)

आमचा तंबोरे आणि सतारी करण्याचा घरचा धंदा आहे. शिक्षण फारसे झालेले नाही, तेव्हा चूकभूल द्यावी. वरच्या चर्चेत डोळा आला, तोंड आले, हात ओझरता आला आणि कान राहून गेला, म्हणून लिहितो.

तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथे टेकते तो भाग सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला अगदी हलका बाक असतो, आणि तार त्या बाकाला घासत घासत सुटते म्हणून तो भरलेला, झणकारणारा आवाज येतो. तो बाक काढणे म्हणजे जवारी काढणे. कानस एकदा फिरवायची, तार लावायची, छेडायची, ऐकायची, पुन्हा तार सैल करून कानस फिरवायची. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा धरायची. एखाद्या गवयाला खुली, म्हणजे जास्त झणकारणारी जवारी हवी असते, एखाद्याला बंद, म्हणजे कमी झणकारणारी. घोडीकडे पाहून मला तो फरक सांगता येत नाही. किती घासले हे बोटाला कळते, किती घासायचे राहिले हे कानाला कळते.

माझ्या हाताखाली एक मुलगा आहे. त्याने मला विचारले, की नेमके किती घासायचे ते सांगा, मी लिहून घेतो. मला सांगता आले नाही. वडिलांनी मलाही सांगितले नव्हते. त्यांनी माझा हात धरून कानस फिरवली होती. तेव्हा ताई, तुमच्या त्या मुलाला चित्र दिसते असे सगळे म्हणत आहेत, पण तुम्ही लिहिलेले पुन्हा वाचा. त्याने घडी घातली. त्याचा विचार डोळ्यांत होता की बोटांत?

प्रीतिसंगम (कराड)

जवारी यांचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आइन्स्टाइन यांना गणिती आदामार यांनी विचारले होते, की तुमचा विचार कशातून चालतो? 1945 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तरात आइन्स्टाइन यांनी कळवले, की शब्दांना त्यात काही स्थान दिसत नाही, त्यांच्या विचारातले घटक दृश्य असतात आणि काही स्नायूंशी निगडित असतात, आणि शब्द शोधण्याचे कष्ट दुसऱ्या टप्प्यात येतात. म्हणजे वाईकरांनी सांगितलेला क्रम आणि जवारींनी सांगितलेला हात, दोन्ही त्यात आहेत.

आणखी एक. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीचे सहसंस्थापक एड कॅटमल यांना मनात चित्र दिसत नाही, आणि नावाजलेले ॲनिमेशनकार ग्लेन कीन यांनाही दिसत नाही. कीन रेषा ओढतात आणि चित्र कागदावर सापडत जाते. मनात चित्र नसणाऱ्याला चित्रकला अशक्य नाही, तसेच घाटावरच्या ताईंना भूमिती अशक्य झालेली नाही.

घाटावरची (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या आठवड्यात मी यांतले काही वर्गात करून पाहिले.

प्रथम त्या मुलाला बाजूला घेऊन बसले. "घडी घाल, पण हळू, आणि प्रत्येक वेळी थांबून मला सांग की आत्ता काय कशावर बसले," असे त्याला सांगितले. डोळे मिटून त्याच्या शेजारी बसले, कारण मला तसेही दिसणार नव्हते आणि त्याच्या शब्दांखेरीज माझ्याकडे दुसरा आधार नको होता. पहिल्यांदा तो "सगळंच बसलं" म्हणाला. मी म्हटले, आधी काय? तो बराच वेळ गप्प राहिला. कागद उघडल्याचा आणि पुन्हा मिटल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मग त्याने एकेक वाक्य सांगितले आणि मी ते फळ्यावर लिहिले. घडीची रेषा केंद्रातून जाते, म्हणून वर्तुळ स्वतःवर बसते. जीवा घडीला लंब आहे, म्हणून जीवेची रेषाही स्वतःवर बसते. टोके वर्तुळावरही आहेत आणि जीवेवरही आहेत, म्हणून एक टोक दुसऱ्यावर बसते. म्हणून घडीपासून दोन्ही टोके सारख्याच अंतरावर आहेत.

तपासनीस सर, ही चार वाक्ये कृपया तपासा. काटकोन त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कर्ण-भुजा कसोटीचा त्यांत कुठेही उल्लेख नाही, तरी मला या सिद्धतेत फट सापडली नाही. वाईकरांनी म्हटलेली रांग त्याने स्वतः लावली. मी फक्त 'आधी काय' एवढे विचारत होते.

मग सरांचे चौरसाचे कोडे सगळ्या वर्गाला दिले. खाना 2 सेंटिमीटरचा धरून पुठ्ठ्याचे तुकडे कापले, म्हणजे चौरसाची बाजू 16 सेंटिमीटर झाली. 64 चे 65 होताना पाहून वर्गात गोंधळ झाला. माझ्या नेहमीच्या रीतीने मी फळ्यावर मांडले, की त्रिकोणाच्या तिरक्या बाजूचा चढ आठास तीन आहे आणि समलंब चौकोनाचा पाचास दोन आहे, म्हणजे 0.375 आणि 0.4, तेव्हा दोन्ही मिळून एक सरळ रेषा होऊच शकत नाही. ते मांडत असतानाच या मुलाने तुकडे उचलून खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीने लावले. कर्णावरून उजेडाची एक बारीक पाती उभी राहिली. बाकीची मुले म्हणाली, की कात्री नीट चालली नसेल. त्यावर तो म्हणाला, "कात्रीची चूक असती तर फट कुठेही वेडीवाकडी आली असती. ही मधे रुंद आहे आणि दोन्ही टोकांना निमुळती होत गेलीय." सर, डोळा चुकतो हे खरेच आहे. पण त्या फटीचा आकार सांगणारा पहिला डोळाच होता, आणि यावेळी त्याने 'दिसतंय ना' म्हटले नाही, कारण दिले.

जवारीदादा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यालाच विचारले. डोळे मिटून घडी दिसते का, की हाताला जाणवते? तो म्हणाला, आधी हाताला जाणवते, मग दिसते. मला फक्त पहिला भाग कळला, कारण आता मीही कागद हातात घेऊन बसते आणि मला तो काही प्रमाणात जाणवू लागला आहे. चित्र अजूनही येत नाही.

तपासनीस (कडेगाव)

चारही वाक्ये तपासली. दुसऱ्या वाक्यात 'घडीच्या रेषेवर जीवेचा छेदनबिंदू स्थिर राहतो' एवढे जोडावे. पहिल्या वाक्याला 'व्यास ही वर्तुळाची सममितीची रेषा असते' हे कारण द्यावे. तसे लिहिले असते, तर मी तीनपैकी तीन दिले असते.

जवारी (मिरज)

ताई, येत्या रविवारी त्या मुलाला घेऊन आमच्या कारखान्यात या. दोन तंबोरे शेजारी ठेवतो, एकाची जवारी खुली आणि एकाची बंद. घोडीवर कापड टाकून ठेवतो, म्हणजे पाहता येणार नाही. त्याने तार छेडून, सूत सरकवून काय बदलले ते सांगावे, आणि तुम्ही 'आधी काय' विचारत ते लिहून घ्यावे. तो कागद मला हवा आहे, माझ्या हाताखालच्या मुलाला देण्यासाठी.